घरात तिघांना मधुमेह, किडनी मात्र एकाचीच बिघडली: अनुवंशाचा माग कसा काढतात

मधुमेही माणसाच्या लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन सापडलं की नातेवाईक हमखास विचारतात, "हे आमच्या घरातच आहे का?" या एका प्रश्नात दोन शंका मिसळलेल्या असतात. मधुमेहामुळे किडनी बिघडण्याचा कल आमच्या रक्तात आहे का, ही पहिली. मधुमेहाशी संबंध नसलेला किडनीचा एखादा वेगळा आनुवंशिक आजार साखरेच्या आड लपला आहे का, ही दुसरी. पहिल्या शंकेसाठी आज जनुकीय चाचणीचा जवळजवळ काही उपयोग नाही. दुसरीसाठी मात्र तीच चाचणी औषधं, प्रत्यारोपण, भावंडांची तपासणी असं सगळं बदलून टाकू शकते. मधुमेह आणि किडनी दोन्ही पाहणाऱ्या आम्हा लोकांचा बराच वेळ या दोन शंका वेगळ्या करण्यात जातो. ते काम कसं चालतं ते इथे लिहितो आहोत.

कल असतो, यात वाद नाही. मधुमेह असलेल्या दहांपैकी तीन-चार जणांना कधी ना कधी किडनीचा विकार होतो. बाकीच्यांपैकी कित्येकांची साखर वर्षानुवर्षं चढलेली असूनही होत नाही. टाइप १ मध्ये मधुमेह सुरू झाल्यावर साधारण १५ ते २० वर्षांनी किडनीविकाराचं प्रमाण शिखर गाठतं आणि पुढे उतरतं. साखर एकटीच दोषी असती, तर वर्षं वाढतील तसा धोकाही चढतच गेला असता. तो उतरतो, कारण ज्यांची किडनी नाजूक होती त्यांची बहुधा तोवर बिघडलेली असते. १९८९ साली अमेरिकेत टाइप १ मधुमेही भावंडांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या रुग्णाला किडनीविकार होता, त्याच्या मधुमेही भावंडांपैकी ८३ टक्क्यांमध्ये तो सापडला. ज्याला नव्हता, त्याच्या भावंडांमध्ये १७ टक्के. ॲरिझोनातल्या पिमा या मूळनिवासी समाजात टाइप २ च्या बाबतीत असंच चित्र दिसलं. आईवडील दोघांच्याही लघवीत प्रथिनं नसतील तर मधुमेही मुलांपैकी १४ टक्क्यांमध्ये ती आढळली, एकाच्या असतील तर २३ आणि दोघांच्याही असतील तर ४६ टक्क्यांमध्ये.

पण एका घरातली माणसं जनुकांबरोबर इतरही पुष्कळ गोष्टी वाटून घेतात. जेवणातलं मीठ, तंबाखू, औषधं चुकवण्याची सवय, डॉक्टरकडे उशिरा जाणं, हे सगळं घराघरांतून चालत येतं. म्हणून घराण्यात दिसलेली प्रत्येक गोष्ट जनुकांच्या खात्यावर टाकता येत नाही. टाइप १ रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या विश्लेषणातून सामान्य जनुकीय फरकांचा वाटा साधारण ३५ टक्के निघाला आहे. तो थोडा नव्हे, पण त्यापलीकडे हातात राहणारा भाग त्याहून मोठा आहे, आणि हे आम्ही रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगतो.

कामाची सुरुवात वंशावळीपासून होते. कागद, पेन आणि अर्धा तास. आमच्या मते या साऱ्या प्रक्रियेतली ही सगळ्यात मोलाची पायरी आहे, आणि तीच सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. किमान तीन पिढ्या काढायच्या: रुग्ण आणि भावंडं, आईवडील आणि त्यांची भावंडं, चारही आजी-आजोबा, शिवाय रुग्णाची मुलं. प्रत्येकासमोर वय, मधुमेह असल्यास कोणत्या वयात निघाला, तेव्हा अंगकाठी कशी होती, इन्शुलिन कधी लागलं, रक्तदाब, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण, ऐकू कमी येणं, लघवीतून रक्त, किडनीत गाठी, तरुण वयात गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात). आईवडील एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक आहेत का, तेही विचारायचं.

"घरात कुणाला किडनीचा त्रास?" असं थेट विचारलं की उत्तर बहुतेकदा "नाही" येतं. मागच्या पिढीत निदानच झालेलं नसतं. "शेवटी अंगावर सूज होती", "बीपीनं गेले", "जेवण जात नव्हतं, उलट्या व्हायच्या" अशा वाक्यांत किडनी निकामी झाल्याची खूण दडलेली असू शकते. म्हणून आम्ही माणसागणिक विचारतो: मोठ्या काकांचं शेवटचं वर्ष कसं गेलं, मावशीला कानाचं यंत्र कधीपासून लावावं लागलं. दुसऱ्या भेटीला घरातली एखादी वडीलधारी व्यक्ती सोबत आणायला सांगतो. अर्धी वंशावळ तिथेच दुरुस्त होते.

कागदावर चित्र उभं राहिलं की त्यातली वाट वाचायची. बापाकडून मुलग्याकडे आजार गेला असेल, तर एक्स गुणसूत्रावरचं आणि मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, फक्त आईकडून येणाऱ्या भागातलं), अशी दोन्ही कारणं बाद होतात. आईकडून मुलगे आणि मुली दोघांकडे आला, पण बाधित पुरुषांची मुलं सगळी मोकळी आहेत, तर मायटोकॉन्ड्रियाचा संशय घ्यायचा. प्रत्येक पिढीत अंदाजे निम्मे बाधित असतील, तर जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडून होणारा प्रबळ आजार. आईवडील निरोगी आणि दोन भावंडं आजारी असतील, तर दोन्ही प्रती बिघडलेला अप्रबळ आजार. कुटुंब लहान असलं की हे नियम डळमळतात. दोनच मुलं असलेल्या घरात 'निम्मे' या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

वंशावळ हाती आल्यावर मधुमेहामुळेच किडनी बिघडली आहे का, हे नीट तपासतो. लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरासाठी सकाळची पहिली लघवी उत्तम. ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या खाली सामान्य, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर तीव्र. एका अहवालावर शिक्का मारायचा नाही. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने घेऊन त्यातले दोन वाढलेले असले तरच वाढ खरी धरायची. आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम, ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी, हृदय कमजोर पडल्यामुळे आलेली सूज, अतिशय चढलेली साखर किंवा रक्तदाब, यांपैकी कशानेही आकडा फुगतो. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवर विसंबायचं नाही. लघवी पातळ असेल तर ती सुरुवातीचं अल्ब्युमिन सरळ चुकवते. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगानं रक्त गाळते याचा अंदाज, रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढतात आणि स्नायू फार कमी किंवा फार जास्त असलेल्या माणसात तो फसवा ठरतो. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी न अवलंबणारी रक्तचाचणी करून घेतो. एसीई इनहिबिटर, एआरबी किंवा एसजीएलटी२ या किडनी जपणाऱ्या गटांतलं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा खाली येतो. ती घसरण अपेक्षित असते, आजाराच्या वेगात तिची गणना करायची नाही.

मग डोळे. बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासायचा. टाइप १ मध्ये मधुमेही किडनीविकार असेल तर डोळ्यांच्या पडद्यावर खुणा जवळजवळ नेहमी सापडतात. नसतील तर कारण दुसरीकडे शोधायचं. टाइप २ मध्ये हा नियम एवढा पक्का नाही, कितीतरी जणांचा पडदा स्वच्छ असूनही किडनीविकार मधुमेहाचाच निघतो. त्यामुळे पडदा स्वच्छ दिसला तर संशय घ्यायचा, निष्कर्ष काढायचा नाही. याच्या जोडीला टाइप १ ला पाच वर्षंही झाली नसताना प्रथिनं जाणं, लघवीत वेड्यावाकड्या आकाराच्या लाल पेशी, वर्षाला ५ मिलीपेक्षा जास्त वेगानं सतत घसरणारा ईजीएफआर, अचानक आलेली मोठी सूज, किंवा याच्या उलट, लघवीत अल्ब्युमिन अजिबात नसताना हळूहळू मंदावणारी किडनी, यांपैकी काही असेल तर आम्ही थांबतो आणि पुन्हा विचार करतो. सोनोग्राफी आवर्जून करतो. मधुमेही किडनी बराच काळ आकारानं नेहमीएवढी किंवा थोडी मोठीच राहते. लहान, असमान, गाठी असलेली किंवा एकच किडनी दिसली, तर गोष्ट वेगळी आहे.

हा संशय किती वेळा खरा ठरतो? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या बायोप्सी मालिकेत ६२० मधुमेही रुग्णांपैकी ३७ टक्क्यांमध्ये फक्त मधुमेही किडनीविकार होता, ३६ टक्क्यांमध्ये फक्त दुसराच आजार आणि २७ टक्क्यांमध्ये दोन्ही. यात एक मेख आहे. बायोप्सी मुळात संशयितांचीच होते, म्हणून हे आकडे सगळ्या मधुमेहींना लागू करता येत नाहीत. शिवाय त्या दुसऱ्या आजारांपैकी बरेचसे आनुवंशिक नसतात. इम्युनोग्लोब्युलिन-ए नेफ्रोपथी (प्रतिपिंडं गाळण्यांत साठून होणारा आजार), औषधांमुळे किंवा संसर्गानंतर झालेली इजा असंही काही निघतं. जनुकीय चाचणी बायोप्सीची जागा घेत नाही.

आता आनुवंशिक चेहरे. एचएनएफ१बी जनुकातला बिघाड किडनी आणि स्वादुपिंड दोन्हींची घडण बिघडवतो. तरुणपणी, सडपातळ माणसाला मधुमेह, किडनीत लहानपणापासून गाठी किंवा किडनी आकारानं कमी, लघवीत प्रथिनं फारशी नाहीत, यकृताचे एन्झाइम विनाकारण थोडे वाढलेले, युरिक ॲसिड जास्त आणि मॅग्नेशियम कमी. साध्या रक्ततपासणीतलं हे मॅग्नेशियम कित्येकदा निदानाची पहिली किल्ली ठरतं, तरी ते सहसा मागवलंच जात नाही. अशा रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास आईवडील निरोगी असतात, कारण बिघाड रुग्णातच नव्यानं उगवलेला असतो. 'घरात कुणालाच नाही' म्हणून इथे फाइल बंद करायची नाही.

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत ३२४३ क्रमांकावर ए अक्षराचा जी झालेला बदल मधुमेह, दोन्ही कानांनी कमी ऐकू येणं आणि किडनीच्या गाळण्यांना व्रण, असं त्रिकूट घडवतो. तो फक्त आईकडून येतो. अल्पोर्ट या आनुवंशिक आजारात लघवीत सतत सूक्ष्म रक्त आणि तरुणपणी उंच सूर ऐकू न येणं, कारण गाळणीच्या पडद्यातलं कोलॅजन-४ सदोष असतं. यूएमओडी किंवा एमयूसी१ या जनुकांमुळे होणाऱ्या नलिकांच्या आजारात लघवी जवळजवळ स्वच्छ असते आणि किडनी पिढ्यान्पिढ्या निकामी होत राहते. यूएमओडीत तरुणपणीच गाऊटही दिसतो. आणि एक उलटं उदाहरण: ग्लुकोकायनेज जनुकामुळे साखर जन्मभर थोडीशीच वाढलेली असते आणि गुंतागुंत क्वचितच होते. अशा माणसाची किडनी बिघडली, तर मधुमेहाला दोष देऊन चालणार नाही, कारण दुसरंच शोधायला हवं.

पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत एपीओएल१ जनुकाचे जी१ आणि जी२ प्रकार आढळतात. त्यांची भूमिका २०१० मध्ये उलगडली. निद्रारोगाच्या परजीवीपासून ते संरक्षण देतात, म्हणून टिकून राहिले; पण दोन्ही प्रती धोक्याच्या असल्या तर किडनी बिघडण्याची शक्यता वाढते आणि बिघडलेली किडनी, मधुमेह असो वा नसो, जास्त वेगानं घसरते. दोन्ही प्रती असलेल्या बहुतेकांना तरीही आजार होत नाही. ही माहिती जिवंत दाता निवडताना फार कामी येते.

चाचणी ठरली की नमुना. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत ३ ते ५ मिली रक्त, आणि लगेच आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीपालटी. गुठळी झाली तर डीएनए कमी निघतो. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन पुढच्या रासायनिक क्रियेत अडथळा आणतं, म्हणून डायलिसिसच्या रुग्णाचं रक्त हेपॅरिन सुरू करण्याआधी घेतो. नळी गोठवायची नाही. लाळ घ्यायची तर आधी अर्धा तास खाणं, पिणं, धूम्रपान बंद. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेलं असेल तर रक्तातला डीएनए दात्याचा असतो. तिथे त्वचेच्या पेशी लागतात. किडनी प्रत्यारोपण झालेल्यांचं रक्त चालतं. मायटोकॉन्ड्रियाच्या त्या बदलासाठी मात्र रक्तासोबत लघवीतल्या पेशीही पाठवाव्यात. वय वाढेल तसं रक्तातलं त्याचं प्रमाण घटत जातं, आणि पन्नाशीतल्या माणसाचा फक्त रक्ताचा अहवाल खोटा निर्धास्त करू शकतो.

प्रयोगशाळेला नुसतं 'किडनी पॅनल' (अनेक जनुकांची एकत्र चाचणी) लिहून देणं पुरेसं नाही. कोणती चाचणी काय चुकवते ते आधी माहीत हवं. एचएनएफ१बीच्या निम्म्या रुग्णांत १७ व्या गुणसूत्राचा १७क्यू१२ हा तुकडा पूर्ण गळालेला असतो; अक्षरं वाचणारी चाचणी प्रतींची संख्या मोजत नसेल तर तो तिला दिसतच नाही. किडनीत गाठी करणाऱ्या पीकेडी१ जनुकाची सहा नकली भावंडं त्याच्याच, म्हणजे १६ व्या, गुणसूत्रावर असतात आणि वाचन गोंधळवतात. एमयूसी१मधला नेहमीचा बिघाड पुन्हापुन्हा येणाऱ्या अक्षरांच्या रांगेत एका जादा अक्षराचा असतो, आणि नेहमीचं सिक्वेन्सिंग तो पकडत नाही. म्हणून मागणीपत्रावर आम्ही संशय शब्दांत लिहितो, वंशावळ जोडतो, आणि 'प्रतिसंख्या तपासा' असं स्पष्ट नमूद करतो. अहवालाला साधारण एक-दोन महिने लागतात.

संमती त्याआधीच घ्यायची, आणि ती घाईत नको. संपूर्ण एक्झोम, म्हणजे सगळ्या जनुकांतला प्रथिनं घडवणारा भाग, पाहिला तर किडनीशी संबंध नसलेलं, उदाहरणार्थ कर्करोगाच्या धोक्याचं, काही निघू शकतं. ते कळवायचं की नाही हे रुग्णानं आधी ठरवावं. नात्यांची तपासणी केल्यावर जैविक पितृत्वाबद्दल अनपेक्षित गोष्टी उघड होऊ शकतात. विम्यावर परिणाम होईल का, तेही विचारून घ्यावं.

अहवालात प्रत्येक बदलाला पाचपैकी एक दर्जा मिळतो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. सगळ्यात जास्त नुकसान मधला दर्जा करतो. 'अनिश्चित' हे निदान समजून औषधं बदलणं, भावाला दाता म्हणून नाकारणं, मुलांची रांग लावणं, हे घडता कामा नये. त्या बदलाचा मागोवा कुटुंबात घेता येतो: आजारी असलेल्या सगळ्यांत तो आहे का आणि वयस्कर निरोगी माणसांत नाही ना. पण तो तपास बदलाचा अर्थ लावण्यासाठी असतो. दोन-तीन वर्षांनी त्याच माहितीचं पुन्हा विश्लेषण मागायचं, कारण दर्जे बदलतात. नकारात्मक अहवालही शेवटचा शब्द नसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दीर्घकालीन किडनीविकाराच्या ३,३१५ रुग्णांच्या एक्झोम अभ्यासात ९.३ टक्क्यांना निश्चित जनुकीय निदान मिळालं, म्हणजे दहातल्या नऊ जणांना मिळालं नाही.

कोलॅजनच्या बाबतीत गुंतागुंत आणखी आहे, आणि आम्हाला ती विलक्षण वाटते. कोलॅजन-४ घडवणाऱ्या सीओएल४ए३ किंवा सीओएल४ए४ जनुकाची एक प्रत बिघडलेले लोक शंभरात एकाच्या आसपास असतात. मधुमेही माणसात असा बदल सापडला तर त्याच्या किडनीत दोन्ही आजार हातभार लावत असू शकतात. मधुमेहाचं निदान खोडून टाकू नये. याच सीओएल४ए३मध्ये दुसरा, कितीतरी सामान्य असा बदल आहे: प्रथिनातल्या ३२६ व्या जागी ॲस्पार्टिक ॲसिडऐवजी टायरोसिन. २०१९ मध्ये युरोपीय वंशाच्या १९,४०६ टाइप १ रुग्णांच्या जनुकसंचाची तुलना झाली, तेव्हा १६ जागा पुढे आल्या आणि त्यात हा बदल सर्वांत ठळक होता. तो संरक्षण देतो. ज्यांच्यात तो आहे त्यांच्यात किडनीविकाराची शक्यता साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी, आणि किडनी बिघडण्याआधीच त्यांच्या गाळणीचा तळपडदा थोडा पातळ. मधुमेहात सर्वांत आधी जाड होतो तो हाच पडदा. साखर जास्त असणाऱ्यांत, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७.५ टक्क्यांच्या वर असताना, या बदलाचा परिणाम अधिक दिसला. जनुक आणि साखर एकमेकांच्या आधारानं काम करतात, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

तरीही या १६ जागांची चाचणी आम्ही कुणाला करायला सांगत नाही. एकेका फरकाचा परिणाम लहान असतो, गुणांक युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले असल्यानं इतरांना ते कमी लागू पडतात, आणि निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहतात. रक्तदाबाशी जोडलेलं एसीई एन्झाइम घडवणाऱ्या जनुकातला २८७ अक्षरांचा तुकडा काहींत असतो, काहींत नसतो; त्याचंही तसंच. तुकडा नसलेल्यांच्या रक्तात एसीईचं प्रमाण जास्त असतं हे खरं, पण अल्ब्युमिन जाऊ लागलं की एसीई इनहिबिटर किंवा एआरबी दोघांनाही द्यायचंच आहे. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनने आणि २०२० मध्ये फिनेरेनोनने किडनीची घसरण मंदावते हे दाखवलं, २०२४ मध्ये सेमाग्लुटाइडने. या औषधांपैकी कशासाठीही जनुकीय अहवाल लागत नाही. घराण्यात किडनी गेलेली माणसं असतील तर आम्ही जास्त लवकर आणि जास्त चिकाटीनं औषधं देतो. वंशावळीचा कागद तेवढ्यासाठी पुरतो.

एकाच जनुकाचा आजार निघाला तर मात्र बरंच काही बदलतं. मायटोकॉन्ड्रियाच्या आजारात लॅक्टिक ॲसिड वाढण्याच्या भीतीनं मेटफॉर्मिन टाळतो आणि कान व हृदय तपासतो. एचएनएफ१बीमध्ये सल्फोनिलयुरिया या मधुमेहाच्या गोळ्यांचा उपयोग सहसा होत नाही, इन्शुलिन लवकर लागतं. मॅग्नेशियम भरून काढावं लागतं, आणि ते आणखी घटवणारी ॲसिडिटीची औषधं विनाकारण चालू ठेवायची नाहीत. ज्यांना अजून मधुमेह नाही अशांच्या प्रत्यारोपणाच्या वेळी शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून दिली जाणारी टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड साखर वाढवतील हे गृहीत धरून औषधयोजना आखतो. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दात्याचा. बहीण किंवा भाऊ किडनी द्यायला तयार असेल, तर रुग्णातला नेमका तोच बदल त्यांच्यात आहे का, हे शस्त्रक्रियेआधी तपासलंच पाहिजे. दात्याचं क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी तरुण वयात अगदी ठीक असू शकतात.

नातेवाइकांसाठी पूर्ण पॅनल लागत नाही, सापडलेल्या एकाच बदलाची छोटी चाचणी पुरते. मुलांची चाचणी कधी करायची ते आजारावर ठरतं. अल्पोर्टमध्ये लहानपणापासून लघवी पाहायची असते, तिथे लवकर कळण्यात फायदा आहे. ज्या आजारात प्रौढ होईपर्यंत काही करायचंच नसतं, तिथे निर्णय मूल मोठं झाल्यावर त्याच्यावर सोडतो. कुटुंबातला बदल ज्याच्यात सापडला नाही, त्याला एक गोष्ट मुद्दाम लिहून देतो. तो आजार टळला, पण मधुमेह असेल तर मधुमेहाचा नेहमीचा धोका जसाच्या तसा आहे: टाइप २ मध्ये निदान झाल्यापासून आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर, दरवर्षी लघवीतलं अल्ब्युमिन आणि ईजीएफआर.